जिभेने धरलेला डूख

(द्वितीय वर्ष, कला)

मानसशास्त्र हा विषय मी फार विचार करून घेतला, असे म्हणता येणार नाही. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. कोणता विषय कशासाठी घ्यायचा, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. प्रवेशाच्या खिडकीपाशी माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलीने जे विषय लिहिले, तेच मी लिहिले. पहिले वर्षभर मला वाटत होते, की या विषयाचा आणि आमच्या घराचा, शेताचा, गोठ्याचा काडीचाही संबंध नाही. अभिसंधान, उद्दीपक, प्रतिसाद हे शब्द पाठ करायचे आणि पेपरात उतरवायचे, एवढेच. पण यंदा एका तासाला सरांनी एक छोटेसे प्रकरण शिकवले आणि ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी ज्या गोष्टीवरून आमच्या घरात रुसवेफुगवे झाले, ज्यापायी आईच्या डोळ्यांत पाणी आले, तिचा उलगडा त्या प्रकरणात होता. पुढे ग्रंथालयात बसून मी त्याविषयी मिळेल ते वाचले. जे समजले ते आपल्या मित्रमैत्रिणींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरवसाचा डबा

मी बारावीत असताना आईला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर केमोथेरपीचे सहा डोस ठरले. दर एकवीस दिवसांनी पहाटेच्या एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जायचे, दिवसभर सलाईन लावून पडायचे आणि परतायचे. बरोबर कधी आण्णा असत, कधी मी.

दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी आमची तांबू गाय व्याली. आईला खरवस जिवापाड आवडे. आजीने पहाटे उठून चिकात गूळ घातला, वेलदोडा आणि जायफळ किसून टाकले आणि खरवस उकडला. "आजारी माणसाच्या तोंडाला चव येईल," असे म्हणून तिने डबा माझ्या हातात दिला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आईने दोन भाकरीचे तुकडे भाजीशी खाल्ले आणि मग खरवसाच्या चार वड्या खाल्ल्या. "लई दिसांनी गोड लागलं गं पोरी," असे ती म्हणाली. मला धन्य वाटले. अकरा वाजता सलाईन सुरू झाले. संध्याकाळी घरी आल्यावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी थांबल्या.

महिन्याभराने शेजारच्या काकूंची म्हैस व्याली. त्यांनी आठवणीने चीक पाठवला. आजीने खरवस चुलीवर ठेवला आणि त्याचा वास घरात दरवळताच आई तोंडाला पदर लावून परसात पळाली. "नगं गं, झाक ते. पोटात ढवळतंय." त्या दिवसापासून खरवसाचे नाव काढले तरी तिचा चेहरा बदलत असे.

घरात यावर तीन निकाल लागले. आत्या म्हणाली, खरवस बाधला. आजारी माणसाला असले जड नेलेच कशाला? म्हणजे गुन्हेगार मी. आजी म्हणाली, मी उन्हातान्हात हाताने करायचे आणि हिने नाक मुरडायचे, हे दुखण्याचे नखरे आहेत. म्हणजे गुन्हेगार आई. आण्णा म्हणाले, मनाचे खेळ आहेत, थोडे धीराने घेतले की जाईल. म्हणजेही आईच. आई कोणालाच काही बोलली नाही. तिला स्वतःलाच आपल्या वागण्याची लाज वाटत होती.

हे तिन्ही निकाल चुकीचे होते, हे मला यंदा कळले.

घंटा आणि लाळ

प्राणी शिकतात कसे, हे सांगताना प्रत्येक पुस्तकाची सुरुवात रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याच्यापासून होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न घातले की त्याला लाळ सुटते, हे शिकवावे लागत नाही. पण अन्न देण्यापूर्वी दर वेळी एखादा आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागते. आवाजाला स्वतःची चव नाही, पण अन्नाच्या संगतीने त्याला अर्थ येतो. यालाच अभिजात अभिसंधान म्हणतात. आपल्याकडे चिंचेचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार.

यावरून पुढच्या अभ्यासकांनी काही नियम बसवले होते. पहिला नियम असा, की दोन गोष्टींची जोडी जमायला त्या पाठोपाठ घडल्या पाहिजेत. मध्ये काही सेकंदांपेक्षा फार वेळ जाता कामा नये. दुसरा असा, की जोडी जमायला ती पुन्हा पुन्हा घडावी लागते. तिसरा असा, की कोणत्याही गोष्टीची कोणत्याही गोष्टीशी जोडी जमते. घंटा काय, दिवा काय, वास काय, सारे सारखेच. वर्षानुवर्षे हे नियम पक्के मानले जात होते. त्यांना सुरुंग लागला तो उंदरांमुळे.

आमच्या घरचे उंदीर

प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे जाण्यापूर्वी आमच्या घरच्या उंदरांविषयी सांगते, कारण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी ही गोष्ट पाहिलेली आहे.

आमच्या घरात ज्वारीची पोती रचलेली असतात, त्यामुळे उंदरांना तोटा नाही. एका वर्षी आण्णांनी झिंक फॉस्फाईडची पुडी आणली, ज्वारीच्या भरड्यात तेल घालून ती कालवली आणि गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवल्या. पहिल्या रात्री दोन उंदीर मेले. काही गोळ्या कडेला जरा कुरतडलेल्या दिसल्या. दुसऱ्या रात्री एकाही गोळीला तोंड लागले नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. पोती मात्र रोज फुटत होती. आण्णा म्हणाले, "उंदराची जात लई हुशार. एकमेकांस्नी सांगत्यात."

पुढे कृषी सहायक गावात आले तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग सांगितला. आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसते आमिष ठेवायचे. उंदरांना त्याची सवय झाली, ते पोटभर खाऊ लागले, की मग त्यात विष घालायचे. त्याचे कारण असे. नवा पदार्थ दिसला की उंदीर एकदम पोट भरत नाही, आधी जरासा कुरतडतो. विष पोटात जाते, पण मरण्याइतके नाही. तो आजारी पडतो, बिळात पडून राहतो, बरा होतो आणि पुन्हा त्या चवीच्या वाटेला म्हणून जात नाही. सवयीचे अन्न मात्र तो निःशंकपणे भरपूर खातो.

१९५० च्या सुमारास वॉरफरीनसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदरांसाठी वापरात आली आणि ती इतकी यशस्वी का झाली, याचेही कारण यातच आहे. ती सावकाश भिनतात. खाल्ल्यावर उंदराला लगेच काहीच होत नाही. तो कित्येक दिवस तेच आमिष खात राहतो आणि मग मरतो. कोणत्या चवीवर संशय घ्यावा, हे कळायला त्याला संधीच मिळत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. उंदराला ओकता येत नाही. माणसाने, कुत्र्याने, मांजराने वाईट काही खाल्ले तर ते बाहेर टाकता येते. उंदराच्या पोटात गेले ते गेले. त्यामुळे चव लक्षात ठेवणे हे त्याचे मोठे संरक्षण आहे.

शेतमजुराच्या मुलाचा शोध

ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध केली ती जॉन गार्सिया या अमेरिकन शास्त्रज्ञाने. त्याचा जन्म १९१७ साली कॅलिफोर्नियात झाला. त्याचे आईवडील स्पेनमधून आलेले, शेतात राबणारे. गार्सियाने तरुणपणी शेतात काम केले, मेकॅनिकचे काम केले, जहाजबांधणीच्या कारखान्यात काम केले. पीएच.डी. त्याला मिळाली ती १९६५ साली, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. हे वाचताना मला उगाचच तो आपला कोणीतरी लागतो असे वाटले.

१९५० नंतरच्या वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्को येथे नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. अणुकिरणांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तेथे उंदरांवर पाहिले जात असे. किरणांनी उंदरांना पोटाचा विकार होई. गार्सियाच्या लक्षात आले, की ज्या खोलीत किरण सोडतात तेथे उंदीर दर खेपेला कमी कमी पाणी पितात. आपल्या नेहमीच्या पिंजऱ्यात मात्र व्यवस्थित पितात. पाणी तेच, मग फरक कशात? फरक बाटलीत होता. नेहमीच्या पिंजऱ्यातली बाटली काचेची आणि किरणांच्या खोलीतली प्लॅस्टिकची होती. प्लॅस्टिकमुळे पाण्याला जी किंचित चव येत असे, तिच्यावर उंदरांनी आजाराचा आळ घेतला होता.

मग त्याने सहकाऱ्यांसह मुद्दाम प्रयोग केला. उंदरांना सॅकरीन घातलेले गोड पाणी दिले आणि ते पीत असताना किरण सोडले. गोड पाणी उंदरांना फार आवडते. पण किरणांचा अनुभव घेतलेल्या उंदरांपुढे नंतर साधे आणि गोड अशी दोन्ही पाणी ठेवली, तेव्हा त्यांनी गोड पाणी टाळले. हे एकाच अनुभवाने घडले आणि त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकला. १९५५ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. 'जोडी पुन्हा पुन्हा घडावी लागते' हा नियम तेथे मोडला.

१९६६ साली गार्सियाने आणखी एक प्रयोग केला. तो मला सर्वांत सुंदर वाटतो. उंदराने नळीला जीभ लावली, की एकाच वेळी तीन गोष्टी घडत: पाणी गोड लागे, दिवा चमके आणि टक् असा आवाज होई. जणू पाणी चवीचे, उजेडाचे आणि आवाजाचे होते. हे पाणी प्यायल्यावर काही उंदरांना पायाला विजेचा धक्का दिला, तर काहींना किरणांनी किंवा औषधाने आजारी पाडले. मग चव एकीकडे आणि उजेड-आवाज दुसरीकडे अशी फारकत करून उंदरांची परीक्षा घेतली. आजारी पडलेल्या उंदरांनी गोड पाणी टाळले, पण दिव्याला आणि आवाजाला ते भ्याले नाहीत. धक्का बसलेल्या उंदरांनी उजेड-आवाजाचे पाणी टाळले. गोड पाणी मात्र ते खुशाल प्यायले. दोघांनीही तिन्ही गोष्टी अनुभवल्या होत्या, पण पोटाच्या दुखण्याचा आळ जिभेवरच्या चवीवर गेला आणि कातडीच्या दुखण्याचा आळ डोळ्यांनी व कानांनी टिपलेल्या गोष्टीवर गेला. कोणत्याही गोष्टीची कोणाशीही जोडी जमते, हा नियमही मोडला.

राहिला वेळेचा नियम. त्याच वर्षी गार्सियाने दाखवले, की चव आणि आजार यांच्यात तासाभराहून अधिक अंतर पडले तरी उंदीर चूक करत नाही. पुढे इतरांच्या प्रयोगांत हे अंतर कित्येक तासांपर्यंत गेले.

विद्वानांनी यावर सहजासहजी विश्वास ठेवला नाही. नामांकित नियतकालिकांनी त्याचे लेख साभार परत केले. कुकू-घड्याळातल्या लाकडी पक्ष्याची विष्ठा सापडणे जितके संभवनीय, तितकेच हे निष्कर्ष संभवनीय, अशा अर्थाचा शेराही एका अभ्यासकाने मारला म्हणे. पण इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले आणि तेच उत्तर आले. १९८३ साली गार्सियाची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. २०१२ साली तो वारला. आज पाठ्यपुस्तकांत याला 'गार्सिया परिणाम' असेच नाव आहे.

निसर्गाने केलेली तयारी

असे का व्हावे? विचार केला तर उत्तर सोपे आहे. विष जिभेवरून जाते आणि त्याची बाधा कळायला तास-दोन तास लागतात. जो प्राणी म्हणेल, की सेकंदापूर्वी घडले तेच कारण, तो दुसऱ्यांदा तेच खाऊन मरेल. ज्याच्या शरीराला मागे वळून 'मघाशी काय खाल्ले होते' हे विचारता आले, तो जगला आणि त्याची पिल्ले जगली. शरीरातली रचनाही त्याला धरूनच आहे. जिभेकडून येणारे संदेश आणि पोटाकडून येणारे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच नाक्यावर येऊन मिळतात.

प्रत्येक प्राण्याची ही तयारी त्याच्या जगण्याप्रमाणे वेगळी असते. १९७१ साली एका प्रयोगात उंदरांना आणि लावा पक्ष्यांना निळ्या रंगाचे आंबट पाणी पाजून आजारी पाडले. पुढे उंदरांनी आंबट पाणी टाळले, तर लाव्यांनी निळे पाणी टाळले. उंदीर रात्री चवीवर आणि वासावर जगतो. पक्षी दिवसा डोळ्यांनी दाणा टिपतो. ज्याचा ज्या इंद्रियावर भरवसा, त्याने त्या इंद्रियाची साक्ष काढली.

अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची गोष्टही अशीच आहे. त्याच्या अळ्या आपल्या रुईच्या कुळातल्या चिकाळ झाडांवर वाढतात आणि त्या चिकातले विष अंगात साठवतात. लिंकन ब्रोवर या शास्त्रज्ञाने दाखवले, की ब्लू जे नावाच्या पक्ष्याने असे फुलपाखरू एकदा खाल्ले की तो ओकतो आणि त्यानंतर तसे पंख नुसते दिसले तरी तोंड फिरवतो. आपल्या बांधावरच्या रुईवरही काळ्या कडेच्या केशरी पंखांची फुलपाखरे अंडी घालतात. ती इतक्या संथपणे, बेफिकीर उडतात, की लहानपणी आम्ही ती सहज धरत असू. त्या बेफिकिरीमागे काय आहे, हे मला आता कळले.

चोर सोडून संन्याशाला सुळी

आता पुन्हा आमच्या घराकडे वळते. त्या दिवशी आईने भाकरी, भाजी आणि खरवस असे तिन्ही खाल्ले होते. मग भाकरीची शिसारी का बसली नाही? खरवसाचीच का बसली?

याचे उत्तरही उंदरांनी दिले आहे. १९६७ सालच्या एका प्रयोगात उंदरांना एक ओळखीचा आणि एक नवा असे दोन पदार्थ देऊन मग आजारी पाडले. आळ गेला तो नव्या पदार्थावर. ओळखीच्या पदार्थाच्या बाजूने शरीराकडे पूर्वीच्या पुष्कळ साक्षी असतात. आईने जन्मभर भाकरी खाल्ली आणि ती कधी बाधली नाही. म्हणून भाकरी निर्दोष सुटली. खरवस मात्र वर्षातून एकदा-दोनदा मिळणारा, जायफळ-वेलदोड्याच्या ठसठशीत चवीचा, आणि ओकारीपूर्वी शेवटी खाल्लेला. संशय घ्यायला याहून सोयीचा कोण? खरा चोर सलाईनच्या बाटलीत होता, पण त्याला चवच नव्हती. तो जिभेवरून गेलाच नाही. म्हणून चोर सोडून संन्याशाला सुळी झाली.

वासाचेही तसेच. नुसत्या वासाची जोडी आजाराशी तितकी घट्ट जमत नाही. पण तोच वास चवीच्या संगतीने आला, की तो चवीइतकाच घट्ट बसतो, हे गार्सिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले. खरवस तोंडात न घालता, चुलीवरच्या नुसत्या वासाने आई परसात पळाली ती यामुळे.

जागेची आठवण

चौथ्या डोसाच्या वेळी आणखी एक प्रकार घडला. एस.टी. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात वळली, पाण्याची मोठी टाकी दिसली आणि आईला मळमळू लागले. आत शिरताच फिनेलचा वास आला आणि ती सरळ मोरीकडे धावली. सुई अजून टोचली नव्हती. बाकावरच्या एका बाईंनी "एवढं काय भ्यायचं?" असे म्हटले. आईने मान खाली घातली. पण मला माहीत आहे, आई भित्री नाही. ऑपरेशनच्या दिवशी तिनेच आण्णांना धीर दिला होता.

चवीइतक्या लवकर नव्हे, पण आजार पुन्हा पुन्हा एकाच जागी आला, तर जागाही आजाराशी जोडली जाते. यावर पुढे झालेला एक प्रयोग वाचून मला हसू आले, कारण त्यातला प्राणी आमच्या घरात रोज भिंतीच्या कडेने पळत असतो. तो म्हणजे चिचुंद्री! उंदराला ओकता येत नाही, पण चिचुंद्रीला येते. कॅनडातील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिचुंद्र्यांना मळमळ आणणारे औषध टोचून एका विशिष्ट पेटीत ठेवले. असे काही वेळा केल्यावर, औषध न देता नुसते त्या पेटीत ठेवले तरी त्यांना उमासे येऊ लागले. पेटीत काहीही नव्हते. होती ती फक्त आठवण. चिचुंद्री काही नखरे करत नाही, आणि तिला कोणी 'धीर धर' असेही म्हणत नाही. आईची पेटी म्हणजे ती पाण्याची टाकी, तो चौक आणि तो फिनेलचा वास.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांमध्ये हा प्रकार डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. मळमळ थांबवणारी आजची औषधे पहिल्या डोसापासून नीट लागू पडली, तर ही जोडी जमण्याचा संभवही कमी होतो. मळमळच झाली नाही तर शरीर शिकणार काय? म्हणून मळमळ होत असेल तर ती निमूटपणे सोसू नये, डॉक्टरांना सांगावी. आई सांगत नव्हती. तिला वाटे, एवढ्या मोठ्या दुखण्यात ओकारीचे काय कौतुक सांगायचे.

कळते, पण वळत नाही

कोणी म्हणेल, उंदराला अक्कल नाही; माणसाला तर खरे कारण समजते ना? मग समजल्यावर तिटकारा जायला हवा. पण तसे होत नाही. मार्टिन सेलिगमन या प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाने स्वतःचाच अनुभव सांगितला आहे. एका रात्री त्याने बेअर्नेज नावाचे, लोणी व अंड्याच्या बलकाचे सॉस खाल्ले आणि काही तासांनी त्याला ओकाऱ्या झाल्या. पुढे कळले, की त्याच्या सहकाऱ्यालाही तोच पोटाचा साथीचा आजार झाला होता. सॉसचा काही दोष नव्हता. शिकण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाला हे पुरते ठाऊक असूनही ते सॉस नकोसे झाले. बशीवर, बायकोवर किंवा त्या रात्री पाहिलेल्या संगीतिकेवर मात्र त्याचा राग नव्हता.

इतकेच काय, उंदराला चव दिल्यावर गुंगीत ठेवून, बेशुद्धीतच आजारी पाडले, तरी जागा झाल्यावर तो ती चव टाळतो. म्हणजे हे शिकणे डोक्यातल्या विचारांच्या खाली कोठेतरी चालते. तेथे आपला उपदेश पोचत नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण तो निदान विचार करून फुंकतो. येथे विचार करायच्या आधीच जीभ डूख धरून बसलेली असते. म्हणून आजीचे रागावणे आणि आण्णांचे समजावणे, दोन्ही वाया गेले. आईने प्रयत्न केला नाही असे नाही. तिच्या हातात ते नव्हतेच.

मग करायचे काय?

एवढे ज्ञान घेऊन उपयोग काय, असे आत्या मला विचारील. उपयोग आहे. १९७८ साली अमेरिकेत आयलीन बर्नस्टाईन या बाईंनी कर्करोग झालेल्या मुलांना केमोथेरपीपूर्वी एक वेगळ्याच चवीचे आईस्क्रीम दिले. ज्यांच्या औषधाने पोट बिघडत असे, त्या मुलांपैकी फार थोड्यांनी पुढच्या खेपेला ते आईस्क्रीम पुन्हा मागितले. आमच्या खरवसाचीच ही गोष्ट, फक्त दूर देशी घडलेली. पण बाई तेथे थांबल्या नाहीत. १९८७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण झाल्यावर, औषध देण्यापूर्वी, मुलांना नारळाच्या किंवा अशाच ठसठशीत चवीची एक गोळी चघळायला दिली. सगळा आळ त्या गोळीवर गेला आणि जेवणातले पदार्थ बऱ्याच अंशी वाचले. जणू शरीराला कोणाला तरी सुळी द्यायचीच आहे, तर ज्याच्यावाचून आपले अडणार नाही असा संन्यासी आपणच पुढे करायचा!

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर माझे सांगणे एवढेच, की औषधाच्या आधी आजारी माणसाच्या आवडीचा, क्वचित मिळणारा पदार्थ प्रेमाने नेऊ नये. प्रेम चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवावे. त्या दिवशी रोजचे साधे, सवयीचे अन्न थोडे थोडे द्यावे, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर शेवटी एखादी अशी गोळी द्यावी, जी पुढे जन्मात मिळाली नाही तरी चालेल. आणि कोणी एखाद्या पदार्थाला किंवा जागेला तोंड फिरवले, तर त्याला भित्रा म्हणू नये, नखरेल म्हणू नये. हे मला कोणी दोन वर्षांपूर्वी सांगितले असते, तर तो डबा मी नेला नसता.

आईचे सहाही डोस पार पडले. आता ती बरी आहे, रानातही जाते. तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाताना पाण्याच्या टाकीपाशी ती अजून डोळे मिटून घेते, पण पूर्वीइतका त्रास होत नाही. ज्या जागी आता सुई टोचत नाही, त्या जागेवरचा शरीराचा राग हळूहळू ओसरतो, असे पुस्तकात आहे. खरवसाचे तसे नाही, कारण तो ती तोंडातच घालत नाही. मग तो निर्दोष आहे हे जिभेला कळणार कसे?

सरांचे प्रकरण ऐकले त्या शनिवारी मी घरी गेले आणि चुलीपुढे बसून हे सारे आजीला, आण्णांना आणि आईला सांगितले. गार्सिया आणि पाव्हलॉव्ह ही नावे सोडून दिली. उंदरांच्या गोळ्यांवरून सांगितले. आण्णा म्हणाले, "म्हंजे त्ये उंदीर एकमेकांस्नी सांगत नव्हतं तर. ज्याचं त्यालाच कळत हुतं." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग आईकडे न पाहताच म्हणाली, "मला काय ठावं बाई. मी आपली रागं भरत बसले." आई हसली. दोन वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदाच हसली.

गेल्या महिन्यात तांबू पुन्हा व्याली. खरवस या खेपेला आजीने घरात नाही, परसातल्या चुलीवर उकडला. धाकट्या भावाला आणि मला आईनेच वाढला, पदर नाकाला लावून, मान तिकडे करून. आणि म्हणाली, "खावा पोरांनो. त्याचा काय गुन्हा न्हाई."